बोरसे सरांचे दोन श्रेयांक

बोरसे सर येण्याआधी त्यांच्या किल्ल्या येत. भूगोल विभागाच्या कपाटांच्या, नकाशांच्या खोलीच्या, गच्चीच्या, आणि ज्यांची कुलपं केव्हाच बदलून गेली होती अशाही आठ-दहा किल्ल्या एका कडीत ओवलेल्या असत आणि ती कडी त्यांच्या तर्जनीभोवती अखंड फिरत राही. धुळ्याच्या आमच्या महाविद्यालयात मराठी विभाग आणि भूगोल विभाग यांच्यामध्ये एकच भिंत होती. मी वर्गात कविता वाचत असले की भिंतीपलीकडून ती किणकिण येई आणि ओळीत एक परकी मात्रा मिसळून जाई. एकदा मी तक्रार केली, तेव्हा सर म्हणाले, "मराठी, तुमचा वर्ग फार शांत असतो. म्हणून तुम्हाला ऐकू येतं."

माणसांना विषयाच्या नावाने हाक मारायची त्यांची रीत होती. मी मराठी, शेजारच्या चौधरी मॅडम वाणिज्य, ग्रंथपाल नुसतेच पुस्तकं. प्राचार्यांना मात्र ते 'सर' म्हणत. कारण विचारलं तर सांगत, "त्यांचा विषय खुर्चीत बसल्या दिवशी सुटला."

उंच, पुढे किंचित झुकलेला देह. सतत कोणीतरी पुढून बोलावत असल्यासारखी चाल. कोणत्याही खोलीत शिरले की आधी खिडकी उघडत. वैशाखात बाहेरून तव्यावरच्या वाफेसारखा वारा आत येई, कागद उडत, कोणी कुरकुरलं तर म्हणत, "कोंडलेल्या गारव्यापेक्षा चालता उकाडा बरा." चहा ते अर्धाच पीत आणि कप जिथे असतील तिथे ठेवून निघून जात. आमचा शिपाई तुकाराम संध्याकाळी ते कप गोळा करी. सर कुठे आहेत असं विचारलं तर सरांना नाना म्हणणारा तो कपाला हात लावून सांगे, "हा कोमट शे. नाना लांब गेले नसतील."

गाव सोनगीरच्या अलीकडे. वर्गात त्यांची मराठी नकाशावरच्या रेषेसारखी रेखीव असे. आनंद झाला किंवा राग आला की अहिराणी उसळून वर येई. तेवढ्यावरून आम्ही त्यांच्या मनाचं हवामान ओळखत असू.

नवं शैक्षणिक धोरण आलं आणि त्याबरोबर एक नियम आला. विद्यार्थ्याने स्वतःच्या विषयाखेरीज काही अभ्यासक्रम दुसऱ्या विद्याशाखेतून घ्यायचे. विज्ञानाच्या मुलीने कला किंवा वाणिज्यातलं काही शिकायचं, कलेच्या मुलाने विज्ञानातलं. एकेक अभ्यासक्रम तीस तासांचा, दोन श्रेयांकांचा. ते श्रेयांक भरले नाहीत तर बाकी सगळ्या विषयांत कितीही गुण असोत, पदवी नाही.

नियम सोपा होता; माणसं सोपी नव्हती. विद्यार्थी दुसरीकडे गेले तर आपले तास कमी होतील, तास कमी झाले तर जागा जाईल, ही धास्ती प्रत्येक विभागात होती. प्राध्यापकांच्या बैठकीत जो तो आपल्याच विषयाला नवं नाव देऊन आपलीच मुलं आपल्याकडे ठेवण्याच्या युक्त्या शोधत होता. सर खिडकीशी उभे राहून ऐकत होते. मग वळून म्हणाले, "आमच्या पांझरेवर फड आहेत, तुम्हाला माहीत असेल. नदीला बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखाली सगळ्या गावाचं शेत. तिथे एक रीत आहे. मालकाने आपल्या वाफ्याला आपण पाणी सोडायचं नाही. पाटावर नेमलेला माणूस सोडणार. मालक हुशार असला तरी नाही, पाटील असला तरी नाही. का? तर हात आपला असला की तो आपल्याच बांधाकडे वळतो. पिढ्या गेल्या, बंधारे फुटले, पण रीत राहिली. हा नियम तोच आहे."

"बोरसे सर, शेतात पीक येतं," चौधरी मॅडम म्हणाल्या. "इथे वर्कलोड येतो."

सगळे हसले. सरही हसले. पण त्यांच्या बोटावरची कडी थांबली होती, हे मला दिसलं.

त्यांनी स्वतः जो अभ्यासक्रम रचला, त्याचं नाव 'पाण्याची वाट' होतं. भूगोल हा विषय कला आणि विज्ञान या दोन्ही शाखांत शिकवला जातो. आमचा भूगोल विभाग कला शाखेच्या इमारतीत होता. पण कलेची आणि वाणिज्याची मुलं यावीत म्हणून सरांनी हा अभ्यासक्रम विज्ञान शाखेच्या यादीत नोंदवला. चाळीसेक मुलं आली. बहुतेकांना वेळापत्रकात तोच तास सोयीचा होता एवढंच. आणि एक मुलगी विज्ञानाची आली. जमना पावरा. शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरची, आदिवासी मुलींच्या वसतिगृहात राहणारी, रसायनशास्त्राची विद्यार्थिनी. कलेच्या इमारतीत भूगोल आहे, म्हणजे तो कलेचाच, अशी तिची समजूत.

ती दारात उभी राहून विचारत होती, तेव्हा मी तिथेच होते. "सर, मी बीएस्सीची आहे. मला चालेल का?"

सर एक नकाशा गुंडाळत होते. वर न बघता म्हणाले, "पाणी विचारतं का कुठली म्हणून? ये."

ते वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं. मी ते घरी जाऊन वहीत लिहूनही ठेवलं. आज ते वाचवत नाही.

हिवाळ्यात ते मुलांना पांझरेच्या पाटावर घेऊन गेले. मीही गेले. सकाळचं ऊन हरभऱ्याच्या पानांवरच्या खारट दवात उतरलं होतं. पाटातल्या पाण्याला चिखलाचा, शेवाळाचा आणि कुठेतरी दूर पेटवलेल्या कपाशीच्या काड्यांचा वास येत होता. सरांनी मुलांना झेंडूची फुलं वाटली. दहा पावलांचं अंतर आखलं, फूल सोडायचं, ते दुसऱ्या खुणेपर्यंत पोचायला किती वेळ लागतो ते टिपायचं. काठावर पाट सांभाळणारे एक म्हातारे आबा उकिडवे बसून हे बघत होते.

"नाना, हाई काय चालनं?" त्यांनी विचारलं. "पानीले फूलं वाही ऱ्हायनात का?"

"नही आबा. पानीनी चाल देखी ऱ्हायनूत."

आबांनी तंबाखूची गोळी गालात सरकवली. "चाल देखनी ती बैलनी. पानीनी वाट देखनी पडस."

सर इतके हसले की किल्ल्या पाटात पडल्या. एका मुलाने गुडघाभर पाण्यात उतरून त्या काढल्या, आणि ओल्या किल्ल्यांचा जुडगा हातात घेऊन सर मुलांना सांगू लागले, की आबांनी आत्ता जे सांगितलं ते तुमच्या परीक्षेत येणार आहे. पाणी मोजण्याआधी त्याच्यासाठी थांबलेल्या माणसाला विचारा.

तेव्हा जमना बोलली. तोवर ती काठावर फुलं मोजत होती. "सर, पाणी वरून खाली येतं, मग ते कोणाला आधी, कोणाला नंतर, याची रीत आहे. ठीक. पण जे वरच राहतात, त्यांच्यासाठी काय रीत आहे? आमच्या डोंगरावरूनही पाणी निघतं. आमच्याकडे थांबत नाही."

परतीच्या गाडीत सर पुढच्या दारापासून मागच्या सीटपर्यंत फेऱ्या घालत होते. पुढे कितीतरी दिवस ते मधल्या भिंतीवर टकटक करत आणि म्हणत, "मराठी, तिच्या प्रश्नाला उत्तर नाही हो." तक्रारीचा सूर त्यात नसे. दाढ दुखत असताना जीभ पुन्हा पुन्हा तिथेच जाते, तसं ते त्या प्रश्नाकडे जात.

दीड वर्ष गेलं. जमना शेवटच्या वर्षाच्या शेवटच्या सत्रात होती. एप्रिलमध्ये कार्यालयातले सोनवणे भाऊ प्रत्येकाचे श्रेयांक जुळवायला बसले आणि जमनाच्या नावापाशी थांबले. 'पाण्याची वाट' विज्ञान शाखेच्या यादीत. मुलगी विज्ञानाची. म्हणजे तिने आपल्याच शाखेतला अभ्यासक्रम घेतला. ते दोन श्रेयांक धरता येत नाहीत.

सोनवणे भाऊंनी ते सरांना सांगितलं तेव्हा सर कार्यालयाच्या दारात होते. अर्धा कप चहा हातात होता. तो त्यांनी त्या दिवशी पूर्ण प्यायला, आणि रिकामा कप हातातच धरून प्राचार्यांकडे गेले.

जळगावला एमएस्सीसाठी तिचा अर्ज गेला होता. जूनच्या मध्यापर्यंत अंतिम गुणपत्रक दाखवायचं होतं. प्रवेश नसेल तर वसतिगृह नाही. इथलं वसतिगृह तर परीक्षा संपताच सोडावं लागणार. जमनाने मला हे एखाद्या यादीसारखं सांगितलं, आणि शेवटी म्हणाली, "एकदा पाड्यावर परत गेलं की पुन्हा निघणं होत नाही, मॅडम. माझ्या बहिणीचं झालं नाही."

प्राचार्य वाईट माणूस नव्हते. त्यांनी मार्ग सुचवला. अभ्यासक्रम कला शाखेत होता असं आता दाखवलं, तर कलेच्या सगळ्या मुलांचे श्रेयांक बुडतील, ते नको. त्यापेक्षा त्या वर्षीच्या कोणाच्या तरी कलेच्या यादीत तिचं नाव घालू. एक ओळ, एक सही. मी म्हणाले, माझ्या यादीत घाला. मी सही करते. मला त्यात काही गैर वाटलं नाही. खरं सांगायचं तर थोडं उदार वाटलं.

सर माझ्याकडे वळले. "ती तुमच्या वर्गात बसली होती?"

"नाही. पण सर, ती बसली असती तर उत्तीर्ण झालीच असती."

"तो प्रश्न नाही."

"मग प्रश्न काय आहे?" प्राचार्य जरा चिडून म्हणाले. "बोरसे सर, चूक तुमची आहे आणि मोठेपणाही तुम्हीच दाखवताय."

"चूक माझी आहे, म्हणूनच माझ्या हाताने बुजवायची नाही," सर म्हणाले. "उद्या त्या पदवीला कोणी हात लावला, तर मी निवृत्त झालेलो असेन. भोगावं तिला लागेल."

जमना दारापाशी उभी होती. तिला आत बोलावलं नव्हतं, पण बाहेरही कोणी पाठवलं नव्हतं. ती आवाज न चढवता बोलली. "सर, फडाची रीत तुमची. वर्ष माझं जाणार."

या वेळी सर फेऱ्याही घालू शकले नाहीत. खोली लहान होती आणि ती दारात होती.

त्यानंतरचे दिवस उन्हाने आणि एसटीच्या धुळीने भरलेले आठवतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत कोणी शिक्षक तीस तास खरोखर शिकवायला तयार असेल आणि विद्यापीठाने परवानगी दिली तर तिला दुसऱ्या शाखेतला अभ्यासक्रम पुरा करता येईल, अशी एक वाट सरांनी परिपत्रकं चाळून शोधून काढली. शिकवायला मी होतेच. परवानगीसाठी ते धुळ्याहून जळगावला विद्यापीठात गेले. एक कागद कमी म्हणून परत आले. दुसऱ्या खेपेला मी बरोबर गेले. पारोळ्याला बस थांबली की सर खाली उतरत, एरंडोलला उतरत, चाकांकडे बघून येत, जणू त्यांच्या बघण्याने ती लवकर निघणार होती. खिडकीची सळई हात लावू देत नव्हती. बाहेर नांगरून टाकलेली काळी रानं भेगाळून पडली होती आणि रसरशीत निळ्या आभाळात एकही पक्षी नव्हता. वाटेत ते एकदाच बोलले. "मराठी, तुमची सही घेतली असती तर आज ती निवांत झोपली असती ना?"

मी हो म्हणाले. खोटं बोलण्याजोगी ती जागा नव्हती.

विद्यापीठातल्या अधिकाऱ्यांनी त्यांचं पत्र दोनदा वाचलं. सज्जन, थकलेले गृहस्थ होते. म्हणाले, "सर, इतकं उघड कोणी लिहीत नाही. 'तांत्रिक कारणास्तव' असं घाला. मंजुरीला अडचण नाही."

"तांत्रिक काही नव्हतं," सर म्हणाले. "मी होतो. ती विचारत होती आणि मी वर बघितलं नाही."

अधिकाऱ्यांनी चष्मा काढून पुसला. परवानगी मिळाली. तिच्यासोबत एक ओळ आली, की अभ्यासक्रमाच्या शाखेची नीट छाननी होईपर्यंत 'पाण्याची वाट' पुढे शिकवला जाऊ नये. ती ओळ सरांच्या पत्रातूनच निघाली होती. 'तांत्रिक' या शब्दाने ती टळली असती. सरांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली, आणि विचारलं, "साडेतीनची धुळे गाडी मिळेल का हो?"

मग ते तीस तास. मे महिना, ओस पडलेली इमारत, एक बाई आणि एक मुलगी. वसतिगृहाने तिला तेवढे दिवस राहू दिलं होतं. मी तिला कविता शिकवत होते. पहिले काही दिवस जमना समोर दगडासारखी बसे आणि तास संपला की घड्याळाकडे न बघता उठे. तिला मिनिटं ठाऊक असत. वऱ्हांड्यात सरांच्या किल्ल्या येत-जात राहत. ते रोज येत, माठ भरून ठेवत, दारापर्यंत येऊन आत मात्र पाऊल टाकत नसत. अकराव्या की बाराव्या दिवशी खिडकीबाहेरच्या वाळल्या सागाच्या पानांतून वारा गेला आणि मी तिला विचारलं, या आवाजाला तुमच्याकडे काही शब्द आहे का. तिने मान वर केली. "आहे."

"सांग ना."

"नको. तो इथे चालणार नाही." मग थोड्या वेळाने तीच म्हणाली, "तो आवाज ऐकला की माझी आई अंगणातलं वाळवण आत घेते. शब्द तेवढ्यासाठीच आहे."

मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले. इतकी वर्षं मी जे शिकवत होते, ते तिने एका वाळवणात गुंडाळून माझ्या हातात दिलं होतं. वऱ्हांड्यातला आवाज थांबला होता. सर ऐकत असावेत.

तिची परीक्षा झाली. उत्तरपत्रिका मी तपासली आणि बाहेरच्या एका परीक्षकानेही तपासली; तो आग्रह सरांचा. ते दिवस त्यांना फार जड गेले. मला गुण विचारायचे नाहीत हे त्यांनी ठरवलं होतं, त्यामुळे ते माझ्याकडे येत, पावसाबद्दल बोलत, निघत, पुन्हा येऊन पावसाबद्दलच बोलत.

गुणपत्रक मुदतीच्या आदल्या दिवशी सकाळी आलं. सोनवणे भाऊंनी ते जमनाच्या हातात दिलं. ती ते घेऊन भूगोल विभागात गेली, मी मागोमाग. सर कपाट रिकामं करत होते. त्या महिन्याच्या अखेरीस ते निवृत्त होणार होते. त्यांनी कागद उजेडाकडे धरला, एकेका ओळीवर बोट फिरवत शेवटपर्यंत गेले, मागची कोरी बाजूही बघितली.

"झाले," ते म्हणाले. "झेरॉक्स काढून ठेव. दोन काढ."

जमनाने कागद परत घेतला. "सर, त्या दिवशी एक सही झाली असती तर मी मे महिन्यात घरी असते. आजीचं शेवटचं आजारपण होतं. मी पोचेपर्यंत ती गेली."

मला हे माहीत नव्हतं. ती मधल्या एका शनिवारी जाऊन सोमवारी परत आली होती. तिने काही सांगितलं नव्हतं, मी विचारलं नव्हतं.

"हो," सर म्हणाले.

त्यांनी कपाटाचं दार लावलं. मग एकदम म्हणाले, "जळगावची गाडी गाठायची ना? चल."

धुळ्याच्या बसस्थानकावर जळगावची गाडी खच्चून भरली होती. सर गर्दीतून वर चढले. आम्हाला बाहेरून त्यांचा आवाज ऐकू येत होता. आता तो निव्वळ अहिराणी झाला होता. कोणाच्या तरी पिशव्या उचलल्या गेल्या, कोणी कुरकुरलं, कोणी हसलं, आणि मधल्या एका बाकावर दीड माणसाची जागा झाली. जमना चढली. खिडकीशी बसली, कागदांची पिशवी शेजारी ठेवली. सर उतरणार एवढ्यात कंडक्टरने घंटी मारली.

"काका, उतरायचं तर उतरा. नाहीतर तिकीट."

सर पायरीवर घुटमळले. मग खिशात हात घालून म्हणाले, "एक पारोळा."

"पारोळ्यात काय आहे, सर?" मी खालून ओरडले.

"परतीची गाडी आहे," ते म्हणाले.

गाडी हलली. त्यानंतर मी सरांना पाहिलं नाही; उरलेले दिवस त्यांनी रजा घेतली, महिनाअखेरीस निरोपसमारंभ नको म्हणून लिहून पाठवलं आणि ते मुलीकडे राहायला गेले. म्हणून शेवटचं जे दिसलं ते एवढंच: मागच्या काचेवरची धूळ, तिच्यापलीकडे वरच्या दांडीला धरून झुकलेले सर, आणि खिडकीबाहेर बघणारी, त्यांच्याकडे पाठ वळवलेली जमना. फाटकाशी गाडी वळताना थोडी मंदावली. तेव्हा तिने मागे न बघता शेजारची पिशवी उचलली आणि मांडीवर घेतली.